क्रौंच कुठे, केव्हा आणि का?

सांगा बघू, उडता येणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सगळ्यांत उंच कोण?

टेप घ्या आणि दाराच्या चौकटीवर जमिनीपासून १८० सेंटीमीटरवर पेन्सिलीने खूण करा. आता त्या खुणेखाली उभे राहा. तो पक्षी समोर आला, तर त्याच्या डोळ्यांत बघायला तुम्हाला मान वर करावी लागेल! त्याचं नाव सारस. राखाडी अंग, लांब गुलाबीसर पाय आणि लालभडक डोकं. पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ अडीच मीटर.

इंदूरकरांना त्याला बघायला फार लांब जायला नको. इंदूरहून हातोदच्या बाजूला गेलं की गंभीर नदीवर होळकरांच्या काळात बांधलेला यशवंत सागर लागतो. मध्य भारतातल्या सारसांचा हा मोठा आसरा आहे.

सारस हा क्रौंचांच्या कुळातला. जगात क्रौंचांच्या १५ जाती आहेत. सारस बाराही महिने आपल्याच मुलखात राहतो. त्याचे दोन नातेवाईक मात्र हिवाळ्यापुरते येतात. एक सामान्य क्रौंच आणि दुसरा कांड्या करकोचा. कांड्या करकोचा क्रौंचांमधला सगळ्यांत छोटा, तरीही जवळजवळ मीटरभर उंच! हे पाहुणे येतात रशिया, कझाकस्तान, मंगोलिया अशा थंड प्रदेशांतून. माळव्यात हरभरा घाट्यांवर आला, गहू पिवळा पडू लागला की त्यांची परतीची लगबग सुरू होते. म्हणून संक्रांत उलटल्यापासून इंदुरात रंगपंचमीची गेर (मिरवणूक) निघेपर्यंतचे दिवस क्रौंच बघायला आणि त्यांचे फोटो काढायला फार छान.

फोटो काढायचा म्हटलं की सगळे आधी विचारतात, कॅमेरा कोणता? त्याच्याही आधीचे प्रश्न वेगळे आहेत: आत्ता, या वेळी, क्रौंच कुठे असेल? आणि तिथेच का असेल? याची उत्तरं ज्याला येतात, त्याला साध्या मोबाइलनेही चांगला फोटो मिळतो. चला तर, क्रौंचांचा एक दिवस पहाटेपासून बघू या.

पहाटे: पाण्यात उभे

चिमणी, कावळा, पोपट रात्री झाडावर झोपतात. क्रौंच का नाही? त्याच्या पायाकडे बघा. फांदी पकडायची तर मागचं बोट लांब आणि मजबूत लागतं, म्हणजे पुढून तीन आणि मागून एक अशी घट्ट पकड बसते. आपल्याकडच्या क्रौंचांचं मागचं बोट इवलंसं असतं आणि तेही वर चढलेलं, जमिनीला नीट न टेकणारं. चालायला हा पाय उत्तम, पण फांदीवर बसायला निकामी. (आफ्रिकेतले मुकुटधारी क्रौंच मात्र झाडावर बसतात. त्यांचं मागचं बोट लांब असतं!)

मग रात्री सुरक्षित जागा कोणती? उथळ पाणी. क्रौंच घोटाभर-गुडघाभर पाण्यात उभ्या उभ्या झोपतात. कोल्हा किंवा कुत्रा जवळ येऊ लागला की पाण्याचा आवाज होतो आणि सगळा थवा जागा होतो. आता तुमच्या लक्षात येईल की तलावाचा काठ सिमेंटने सरळसोट बांधून काढला, तर तलाव भरलेला असूनही क्रौंचांना तिथे उभं राहायला जागा उरत नाही. त्यांना हळूहळू उतरत जाणारा, चिखलाचा, उथळ काठ लागतो.

फेब्रुवारीअखेर इंदूरला सूर्य सातच्या थोडं आधी उगवतो. फोटो काढणाऱ्याने त्याआधीच काठापासून दूर, आडोशाला बसलेलं असावं. पहिला उजेड सोनेरी असतो. का बरं? सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याच्या प्रकाशाला आपल्यापर्यंत येताना हवेच्या बऱ्याच जाड थरातून यावं लागतं. वाटेत निळा प्रकाश इकडेतिकडे विखुरला जातो आणि पिवळा-तांबूस शिल्लक राहतो. शिवाय हा उजेड आडवा येतो. उडणाऱ्या पक्ष्याचं पोट आणि पंखांची खालची बाजू त्याने उजळून निघते. दुपारी सूर्य डोक्यावर असला की तीच बाजू सावलीत जाते आणि फोटोत काळी दिसते.

अंधारात क्रौंच दिसण्याआधी ऐकू येतात. सारसांची जोडी मान उंच करून एका सुरात ओरडते, तेव्हा आवाज दोन-तीन शेतं सहज ओलांडतो. या आवाजाचं रहस्य त्यांच्या छातीत आहे. सारसाची श्वासनलिका सरळ खाली जात नाही. ती छातीच्या हाडात शिरते आणि तिथे वेटोळी घेते, बँडमधल्या गुंडाळलेल्या पितळी भोंग्यासारखी. नळी लांब असली की आवाज खोल होतो, आणि भोवतीचं हाड त्याबरोबर थरथरून तो आणखी मोठा करतं.

सकाळी: शेतात न्याहारी

ऊन जरा वर आलं की थवे पाण्यातून उठतात आणि शेतांकडे जातात. काढणी झालेल्या हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या शेतात दाणे सांडलेले असतात. मातीत किडे, अळ्या, कंदमुळं मिळतात. लांबच्या प्रवासाआधी पाहुण्यांना अंगावर चरबी साठवायची असते, कारण तेच त्यांचं वाटेतलं इंधन. म्हणून ही न्याहारी महत्त्वाची.

शेतात त्यांना ओळखायचं कसं? कांड्या करकोच्याची मान पुढून काळी असते आणि ती काळी पिसं छातीवर लांब लोंबतात. डोळ्यामागून पांढऱ्या पिसांचा सुंदर तुरा निघतो. सामान्य क्रौंच मोठा, त्याच्या काळ्या मानेवर बाजूने पांढरा पट्टा आणि डोक्यावर छोटासा लाल ठिपका. सारसाचं तर डोकं आणि मानेचा वरचा भाग लालच. गंमत म्हणजे तो लाल रंग पिसांचा नाही, उघड्या कातडीचा आहे! वसंतात सारस तीन-तीन दिसले तर नीट बघा. तिसऱ्याचं डोकं तांबूस-तपकिरी पिसांचं असेल, तर ते गेल्या पावसाळ्यात जन्मलेलं पिल्लू. ते अजून आईबाबांसोबत फिरतंय.

आता कॅमेरा काढा, पण पुढे पळू नका. थव्यात नेहमी कुणीतरी मान वर करून पहारा देत असतं. एकाने मान वर केली तर ठीक. पण सगळ्यांच्याच माना ताठ झाल्या, तर तुम्ही फार जवळ आलात. तिथेच थांबा, हळूच दोन पावलं मागे या. थवा घाबरून उडाला की साठवलेली शक्ती वाया जाते. चालणाऱ्या माणसापेक्षा थांबलेल्या गाडीला पक्षी कमी बिचकतात, म्हणून अनुभवी छायाचित्रकार गाडीच्या खिडकीतूनच फोटो काढतात. आणि हो, शेत कुणाचं तरी असतं. आधी शेतकरीकाकांना विचारा आणि उभ्या पिकात पाय टाकू नका. क्रौंच कुठे उतरतात हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, हेही विसरू नका.

दहाच्या सुमारास: हवेच्या जिन्याने वर

माळव्याची माती काळी. काळा रंग ऊन भराभर शोषतो. सकाळी नऊ-दहानंतर उघडी शेतं तापतात, त्यांच्यावरची हवा तापते, पसरते, हलकी होते आणि वर चढू लागते. क्रौंच तिच्यात शिरतात आणि पंख पसरून गोल गोल फिरत राहतात. पंख फारसे हलवावे लागत नाहीत, वर जाणारी हवाच त्यांना उचलते. खूप उंच गेले की पंख तसेच ठेवून ते घसरगुंडी करत पुढच्या गरम हवेच्या खांबाकडे जातात. पुन्हा गोल, पुन्हा घसरण. परतीचा मोठा प्रवास म्हणूनच दिवसाउजेडी होतो, उन्हाच्या जोरावर.

पण हीच गरम हवा छायाचित्रकाराची पंचाईत करते! वेगवेगळ्या तापमानाच्या हवेतून जाताना प्रकाश वाकतो, म्हणून दुपारी लांबचं सगळं लटलटताना दिसतं. अशा वेळी महागड्यातल्या महागड्या लेन्समधूनही दूरचा पक्षी पुसट येतो. मग काय करायचं? शेतातले फोटो सकाळी लवकर काढून घ्यायचे आणि दहानंतर कॅमेरा थेट आकाशाकडे वळवायचा.

आकाशातला पक्षी टिपताना दोन अडचणी येतात. पहिली वेगाची. समजा, क्रौंच ताशी ५४ किलोमीटर वेगाने उडतोय. म्हणजे सेकंदाला १५ मीटर. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाचा साठावा भाग उघडं राहिलं, तर तेवढ्यात पक्षी २५ सेंटीमीटर पुढे सरकतो आणि फोटोत नुसता फराटा उमटतो. शटर सेकंदाचा हजारावा भागच उघडं ठेवलं, तर तो फक्त दीड सेंटीमीटर सरकतो. पाहा गणित करून! कॅमेराही पक्ष्याबरोबर हळूहळू फिरवला की चित्र आणखी स्पष्ट येतं.

दुसरी अडचण उजेडाची. कॅमेरा समोरच्या सगळ्या दृश्याचा सरासरी उजेड मोजतो. आकाश लख्ख असतं, म्हणून कॅमेऱ्याला वाटतं की उजेड फार झाला, आणि तो सगळंच काळपट करून टाकतो. पक्षी मग कोळशासारखा दिसतो. मोबाइलवर पक्ष्यावर बोट टेकवा. बहुतेक मोबाइलमध्ये सूर्याचं छोटं चिन्ह येतं, ते थोडं वर सरकवा. राखाडी पिसं दिसू लागतील.

पण काळी आकृतीही निकामी नाही. तिच्यावरून कुळ ओळखता येतं. बगळा उडताना मान दुमडून खांद्यांत खेचून घेतो. क्रौंच मान पुढे आणि पाय मागे, अगदी सरळ ताणून उडतो. चित्रबलाकासारखे पक्षीही मान ताणून उडतात खरे, पण ते जवळजवळ मुके असतात. ताणलेली मान, मागे ताणलेले पाय आणि वरून येणारा खणखणीत आवाज, असं सगळं जुळलं की ते बहुधा क्रौंचच!

रांग तिरपी का?

क्रौंचांचा थवा लांब जायला निघाला की आकाशात बाणाच्या टोकासारखी रांग तयार होते. उडताना पंखाखालच्या हवेचा दाब जास्त आणि वरच्या हवेचा कमी असतो. म्हणून पंखाच्या टोकाला हवा खालून वर वळते आणि तिचा भोवरा होतो. या भोवऱ्याच्या बाहेरच्या बाजूला हवा वर जात असते. मागचा पक्षी नेमका तिथे पंख धरतो आणि त्याला फुकटचा आधार मिळतो. थेट मागे उडाला असता, तर खाली ढकलणारी हवा लागली असती.

हे नुसतं अनुमान नाही. युरोपात शास्त्रज्ञांनी शराटी कुळातल्या पक्ष्यांच्या पाठीवर छोटी यंत्रं बसवली. त्या पक्ष्यांना एका हलक्या विमानामागे उडायला शिकवलेलं होतं. यंत्रांनी दाखवलं की पक्षी योग्य जागी तर असतातच, शिवाय पुढच्याच्या पंखांशी आपल्या पंखांची लयही जुळवतात. हे संशोधन २०१४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात छापून आलं. तुम्ही काढलेल्या एका साध्या फोटोतही हे सगळं विज्ञान दडलेलं असतं.

कुठून आले, कुठे चालले?

शरद ऋतूत भारताकडे येताना कांड्या करकोच्यांचे अनेक थवे थेट हिमालय ओलांडतात. नेपाळमध्ये धौलागिरी आणि अन्नपूर्णा ही दोन आठ हजार मीटरहून उंच शिखरं आहेत. त्यांच्यामधून काली गंडकीची खोल दरी जाते. तिथून हे पक्षी येतात. विरळ हवा, बर्फाळ वारा आणि वर टपलेले सोनेरी गरुड! वजन किती या पक्ष्याचं? दोन-तीन किलो फक्त.

आणि परतताना? मंगोलियातल्या कांड्या करकोच्यांच्या अंगावर शास्त्रज्ञांनी उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली, तेव्हा कळलं की वसंतात ते हिमालयावरून जातच नाहीत. ते पश्चिमेकडून डोंगररांगांना वळसा घालून जातात. वाट लांबची, पण वसंतात त्यांना ती सोयीची. येण्याची वाट एक आणि जाण्याची दुसरी!

एक छायाचित्रकार आणि एक तलाव

इंदूरच्या धार रस्त्यावर सिरपूर तलाव आहे. तोही होळकरांच्या काळातला. एके काळी तिथे सांडपाणी, कचरा, अतिक्रमण सगळं होतं. इंदूरचे छायाचित्रकार भालू मोंढे तिथे पक्ष्यांचे फोटो काढत. फोटो काढता काढता त्यांना तलावाचे हाल दिसले. मग 'द नेचर व्हॉलंटिअर्स' या संस्थेतल्या सोबत्यांबरोबर ते तलाव वाचवण्याच्या कामाला लागले. वर्षानुवर्षं त्यांनी पाठपुरावा केला. तलाव सुधारला, पक्षी वाढले. २०१६ मध्ये मोंढे यांना पद्मश्री मिळाली. २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंत सागर दोन्ही रामसर स्थळं झाली, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. आणि जानेवारी २०२५ मध्ये इंदूर आणि उदयपूर या दोन शहरांना भारतात पहिल्यांदाच 'पाणथळ शहर' असा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

महाराष्ट्रातही अशी माणसं आहेत. पुण्याच्या प्रकाश गोळे यांनी १९८० च्या दशकात सारसांची स्थिती अभ्यासली. आज महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावांजवळ आणि भातखाचरांत. पावसाळ्यात ते चक्क भाताच्या शेतात घरटं करतात आणि तिथले शेतकरी आणि पक्षिमित्र त्या घरट्यांची राखण करतात.

जे पुन्हा आलेच नाहीत

क्रौंचांची काळजी का घ्यायची, हे एका चित्रावरून सांगते. चारशे वर्षांपूर्वी बादशहा जहांगीरला पक्ष्यांचं फार वेड होतं. त्याच्याकडे लैला आणि मजनू नावाची सारसांची जोडी होती. त्यांची अंडी ३४ दिवसांनी फुटली, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. कॅमेरा नव्हता, पण बघण्याची चिकाटी होती! त्याच्या दरबारातला चित्रकार उस्ताद मन्सूर याने एका पांढऱ्याशुभ्र सैबेरियन क्रौंचाचं देखणं चित्र काढलं. पूर्वी हे क्रौंच भारतात हिवाळा घालवायला यायचे. राजस्थानातलं भरतपूर हे त्यांचं ठरलेलं ठिकाण. २००२ मधली शेवटची जोडी गेली आणि त्यानंतर भरतपूरला सैबेरियन क्रौंच दिसला नाही. आपल्यासाठी आता चित्रं आणि जुने फोटोच आहेत.

सारस अजून आहेत, पण त्यांच्यापुढेही संकटं आहेत. दलदली बुजवल्या जातात. विजेच्या तारा उडताना वेळेवर दिसत नाहीत आणि सारस त्यांवर आपटतात. भरतपूरजवळच १९८० च्या दशकाच्या अखेरीस शेतातल्या विषारी कीटकनाशकामुळे सारस मेले होते. क्रौंचांना तलाव एकटा पुरत नाही आणि शेतही एकटं पुरत नाही. रात्रीला उथळ पाणी हवं, दिवसाला विषाविना शेत हवं, आणि दोन्ही एकमेकांच्या जवळ हवीत. एक गेलं की दुसरं असून उपयोग नाही.

करून पाहा

एक वही करा, तिला 'क्रौंच वही' म्हणा. तुम्ही इंदूरला असाल, गोंदियाला असाल किंवा आणखी कुठे, ही वही चालेल. क्रौंच नसतील तर बगळे, शराटी, चित्रबलाक यांच्यापासून सुरुवात करा.

१. थवा दिसला की डोळ्यांनी मोजत बसू नका, पटकन फोटो काढा. घरी तो मोठा करा, त्यावर चौकोन आखा आणि एकेका चौकोनातले पक्षी मोजून बेरीज करा. पक्षी-अभ्यासकही मोठे थवे असेच मोजतात.

२. प्रत्येक फोटोखाली चार गोष्टी लिहा: तारीख, वेळ, जागा आणि पक्षी काय करत होता. या चार ओळी नसतील तर फोटो नुसता सुंदर, त्या असतील तर तो पुरावा.

३. पक्ष्याच्या पायात रंगीत कडं किंवा वळं दिसलं, तर त्याचा जवळून फोटो मिळतोय का बघा, रंगांचा क्रम लिहून ठेवा आणि बाई-सरांच्या मदतीने पक्षी-अभ्यासकांना कळवा. कुणीतरी शास्त्रज्ञ त्या पक्ष्याची वाट बघत असेल.

४. घरटं किंवा पिल्लू दिसलं तर फोटो न काढता मागे फिरा. पक्ष्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवू नका, ड्रोन उडवू नका.

५. शेतकरीकाकांना आणि आजोबांना विचारा, तुमच्या लहानपणी इथे कोणते क्रौंच यायचे? त्यांनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत लिहा.

पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात पुन्हा जा आणि दोन्ही वर्षांची पानं शेजारी ठेवा. थवा वाढला की घटला? पाहुणे लवकर गेले की उशिरा? काठाचं पाणी उथळच आहे की भिंत उभी राहिली? उत्तर वाईट आलं, तर वही घेऊन गावच्या सरपंचांकडे, नगरसेवकांकडे, वनखात्याच्या कचेरीत जा. तारीखवार लिहिलेलं, फोटोसकट दाखवलेलं असलं की मोठ्यांनाही ऐकावंच लागतं.